शेवटचे पाच पट्टे

अकराव्या पट्ट्यावर पेंटरांचे पाय थांबले. पुढे नुसतं काळं डांबर होतं आणि त्यापलीकडे हॉस्पिटलचं फाटक. झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे एकूण सोळा, पण शेवटच्या पाचांचा रंग केव्हाच उडून गेला होता.

फाटकाच्या आत, दुसऱ्या मजल्यावर, त्यांची बायको शेवटच्या घटका मोजत होती. लेकीचा फोन आला होता. दादा गाडी घेऊन निघालाय, अर्ध्या तासात तुम्हाला न्यायला येईल, एकटे निघू नका, असं तिने दोनदा बजावलं. मग जरा थांबून म्हणाली, "बाबा, आई तुम्हालाच विचारतेय." एवढं ऐकल्यावर घरात कोण बसून राहील? घर रस्त्याच्या अलीकडे, हॉस्पिटल पलीकडे. धडधाकट माणसाला तीन मिनिटांचं काम. जिना तर ते कुणाच्या मदतीशिवाय उतरले. पायऱ्या डोळ्यांना दिसतात, म्हणून जिन्याने त्यांना कधी दगा दिला नव्हता.

पार्किन्सन असल्याचं कळून दोन वर्षं झाली होती. रोग त्याआधी वर्षभर अंगात मुरलेला आहे, असं डॉक्टर म्हणाले होते. हात थरथरायला लागला तेव्हाच का आला नाहीत, असंही त्यांनी विचारलं. "अहो, मलाच कुठे माहीत होतं," असं म्हणून बायकोने वेळ मारून नेली.

गोळ्यांनी हात बराचसा शांत झाला, पण पायांचं घोडं पेंड खाऊ लागलं. दारात, वळणावर, गर्दीत पाय जमिनीला खिळायचे. फिजिओथेरपिस्ट मुलगी आठवड्यातून दोनदा घरी यायची. तिने पलंगापासून बाथरूमपर्यंत फरशीवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावल्या. पट्टी बघा, पाय उचला, पट्टीच्या पलीकडे टाच टेकवा. पट्टी नसेल तिथे कुणीतरी टाळ्या वाजवत एक-दोन, एक-दोन मोजायचं. ओढायचं मात्र नाही. ओढलं की माणूस तोंडघशी पडतो.

बायको हसली होती. साऱ्या शहराचे रस्ते रंगवून झाले, आमची फरशी तेवढी राहिली होती, म्हणाली.

पेंटरांनी तीस वर्षं रस्त्यांवर पट्टे मारले होते. त्यांचा पट्टा तीन-तीन पावसाळे हलत नाही, असा लौकिक होता. रंगात थिनर बेतानेच घालावं, पातळ केला तर ब्रश पळतो पण रंग टिकत नाही, हे ते प्रत्येक नव्या माणसाला ऐकवायचे. घरासमोरचं क्रॉसिंग हे त्यांचं शेवटचं काम. ते केलं आणि दुसऱ्याच दिवशी, दोन वर्षांची नोकरी बाकी असताना, त्यांनी राजीनामा दिला. कंटाळा आला, एवढंच सांगितलं.

रोज सकाळी रस्ता रिकामा असताना बायको त्यांना त्याच क्रॉसिंगवर चालवायची. अकरा पट्टे ते रुबाबात ओलांडत. पुढच्या पाचांना तिच्या टाळ्या. एवढे पाचच कसे हो उडाले, असं ती अधूनमधून म्हणायची, आणि उत्तरही स्वतःच द्यायची. आत वळणाऱ्या ॲम्ब्युलन्सच्या चाकांनी घासले असणार. नवऱ्याच्या कामात खोट असेल असं तिच्या मनातही येत नसे. पेंटर खाली मान घालून चालत राहायचे.

आज टाळ्या नव्हत्या. सिग्नल बदलला. हॉर्न सुरू झाले. पेंटरांनी सगळा जीव पायांत गोळा केला. टाचा उचलल्या गेल्या, चवडे मात्र तिथेच. चौकातला हवालदार धावत आला आणि त्याने दंडाला धरून त्यांना ओढलं. धड पुढे गेलं, पाय मागे राहिले. पडता पडता वाचले.

"टाळ्या वाजवा," पेंटर म्हणाले. "एक-दोन म्हणा."

आजाराने आवाजही बसला होता. त्या गोंगाटात हवालदाराला काही ऐकू आलं नाही. पेंटरांनी पुन्हा सांगितलं, मग पुन्हा. पाच पट्टे म्हणजे किती अंतर? त्यांनी आयुष्यभर ते गुडघ्यांवर बसून मोजलं होतं. पंधरा फुटांच्या आतबाहेर. त्यांना रडू फुटलं. हवालदाराला वाटलं, म्हातारा घाबरला.

शेवटी कुणीतरी पानटपरीवरची खुर्ची आणली. दोघांनी त्यांना उचलून फाटकापाशी नेऊन ठेवलं. या सगळ्यात वीस मिनिटं गेली.

तेवढ्यात लेक हॉस्पिटलच्या पायऱ्या उतरताना दिसली. तिने वडिलांना पाहिलं. तरीही ती धावली नाही. सावकाश एकेक पायरी उतरत राहिली, आणि पेंटरांना काय ते समजलं.

तिचा चेहरा पाहून हवालदारालाही समजलं. त्याने टोपी काढली. काहीतरी बोलायला हवं म्हणून तो म्हणाला, "आजोबा, तुमच्याकडून कसूर नाही झाली. पट्टे होते तिथवर झपझप आलात, मी पाहिलं. हे पाचही शाबूत असते तर पोचला असतात. कशाने उडाले कोण जाणे."

पेंटरांचे ओठ हलले. हवालदाराने वाकून कान त्यांच्या तोंडाशी नेला.

"थिनर ओतलं होतं मी. हात थरथरायला लागला, ब्रश ओढवेना. आणि ही गॅलरीत उभी राहून बघत होती."