सासऱ्यांचं तारण

सासरे उठले. दुसऱ्या रांगेतून, गुडघ्यांवर हात टेकत, कोट सावरत ते उठले आणि मधल्या वाटेने सावकाश व्यासपीठाकडे निघाले. वर त्यांचे जावई, म्हणजे या चर्चचे पाळक, हात पसरून उभे होते. कालच चहा घेताना त्यांनी हात जोडले होते, की पप्पा, उद्या काहीही झालं तरी जागेवर बसून राहा. पप्पा ‘बरं’ म्हणाले होते. पण पप्पा म्हणजे दातांचे निवृत्त डॉक्टर. ‘अजिबात दुखणार नाही’ असं आयुष्यभर लोकांना सांगत आलेल्या माणसाच्या ‘बरं’वर किती विसंबायचं, हे जावयाने आधीच ओळखायला हवं होतं.

या मंडळीत उपदेश संपला की पाळक हात पसरून आमंत्रण देत. ज्याला आज तारणाऱ्या प्रभूचा स्वीकार करून आपलं तारण, म्हणजे आत्म्याचा उद्धार, करून घ्यायचा आहे त्याने पुढे यावं, गुडघे टेकावेत, आणि पाळकांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करावी. कुणी येईपर्यंत पियानोवर एकच कडवं हळू आवाजात वाजत राही. हे काम माणसाने जन्मात एकदा करायचं असतं. सासरे ते महिन्या-दोन महिन्यांनी करत. त्यांचं तारण इतक्यांदा झालं होतं, की दातांसारखा आत्माही अधूनमधून दाखवून घ्यावा लागतो का, असं मंडळीतल्या एका टवाळाने पाळकांनाच विचारलं होतं. पाळकांनी बायकोला बापाची समजूत घालायला सांगून पाहिलं. ती हसली आणि भाजी चिरायला निघून गेली.

दुखणं असं होतं, की विश्वासणाऱ्याची सुरक्षितता, म्हणजे एकदा झालेलं तारण कधीच जात नाही, हाच पाळकांचा हातखंडा विषय होता. त्यावर ते बोलायला लागले की भल्याभल्यांची बोलती बंद होई. तारणारा नुसता भला माणूस असता, तर गोष्ट वेगळी होती. माणसाचा हात थकतो, घामेजतो, कधीतरी सुटतो. पण तो देव आहे. पित्याचं जे सामर्थ्य तेच त्याचं. मग त्याच्या मुठीतलं मेंढरू हिसकावून नेणार कोण? ज्याला पुन्हा पुन्हा खात्री करून घ्यावीशी वाटते, तो तोंडाने काहीही म्हणो, तारणाऱ्याला देव मानतच नाही, असं पाळक टेबलावर मूठ आपटून सांगत. आणि मूठ आपटून झाली की घरचंच मेंढरू कोट सावरत पुढे येई.

एरवी हे निभावून गेलं असतं. पण आज पहिल्या रांगेत धर्मशिक्षण विद्यालयाचे प्राचार्य बसले होते. त्यांना नेमका हाच विषय शिकवायला माणूस हवा होता, आणि पाळकांचा त्या जागेवर कित्येक वर्षांपासून डोळा होता. या शनिवार-रविवारच्या धावपळीतून सुटून, शांतपणे विद्यार्थ्यांना खात्रीबद्दल सांगत म्हातारं व्हावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. ज्याला स्वतःच्या सासऱ्याला पटवता आलं नाही तो वर्गाला काय पटवणार, असं प्राचार्यांनी म्हटलं असतं, तर त्यांचं तोंड कोण धरणार होतं?

उपदेश झकास झाला होता. प्राचार्यांनी दोनदा मान डोलावली होती. पाळकांनी हात पसरले, पियानो सुरू झाला. कुणी आलं नाही. कडवं संपलं, पुन्हा सुरू झालं. मागच्या बाकावरच्या एक बाई उठल्या तेव्हा पाळकांचा चेहरा उजळला, पण त्या खोकत बाहेर निघून गेल्या. तिसऱ्या फेरीला पाळकांच्या कपाळावर घाम आला. ते म्हणाले, उशीर करू नका. मग म्हणाले, दार कायम उघडं राहत नसतं. मग आवाज चढला, आणि इथे बसलेल्या किती जणांना खरंच खात्री आहे, असं ते विचारू लागले. आपण सुरक्षित आहोत असं समजणारेही निसटतात, विचार करा, असं त्यांनी बजावलं. अर्ध्या तासापूर्वीचा बिनतोड उपदेश त्यांनी स्वतःच्या हाताने उसवून ठेवला, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. प्राचार्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. नेमके तेव्हाच सासरे उठले होते.

पुढचं सगळं रीतसर झालं. सासऱ्यांनी गुडघे टेकले, पाळकांनी त्यांच्या डोक्यावर हात ठेवला, पियानो एकदाचा थांबला, लोक घरी गेले. प्राचार्यांनी जाताना हस्तांदोलन केलं आणि ‘कळवतो’ म्हणाले. असं म्हणणारा माणूस काय कळवणार हे कुणालाही कळतं.

बाजूच्या खोलीत सासरे खुर्चीवर बसून गुडघे चोळत होते. पाळकांनी दार लावलं. त्यांना रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि सासऱ्यांवर ओरडायची चोरी होती.

“पप्पा, एकदाच काय ते सांगा. तो देव आहे, तो आपल्याला सोडणार नाही, यावर तुमचा विश्वास आहे की नाही?”

सासऱ्यांनी जावयाकडे पाहिलं. दात उपटण्याआधी ते पेशंटकडे पाहत असतील, तितक्याच मायेने.

“माझा आहे हो, जावईबापू. तुमच्या लग्नाच्या आधीपासून आहे. पण समोर कुणी आलं नाही की तुमचा डळमळायला लागतो. माझ्या डोक्यावर ठेवलात की तुमचा हात थरथरायचा थांबतो, म्हणून येतो.”