साताऱ्याची मैना

चंदनबालाला एका माणसाचा जीव घ्यायचा होता, आणि तो माणूस कोण हेच तिला ठाऊक नव्हतं. पाणी गाळून पिणाऱ्या, वाटेतली मुंगी चुकवून पाय टाकणाऱ्या घरातली ती बाई. पण गेले चार दिवस भाकरी थापताना तिच्या हाताखाली पिठाऐवजी कुणाचं तरी थोबाड असायचं.

त्या कुणीतरी तिच्या भाग्यश्रीचे फोटो घेऊन इन्स्टाग्रामवर खोटं खातं उघडलं होतं. नाव ठेवलं होतं ‘साताऱ्याची मैना’. पोरीला साताऱ्याच्या नर्सिंग कॉलेजात प्रवेश मिळाला, त्याच आठवड्यात. फोटो साधेच होते, पूजेतले, शेतातले, मावशीच्या पोरीच्या लग्नातले. खाली लिहिलेलं मात्र तोंडानं वाचवत नव्हतं. हॉस्टेलवर किती वाजता या, कुणाला विचारा, असलं. इस्लामपुरात ओळखीची माणसं फोन पुढं करून विचारायची, ही तुमचीच न्हवं?

रायगोंडा, तिचा नवरा, उखडला तो पोरीवरच. सारखं फोटो काढून घ्यायचं खूळ तुझंच, म्हणाला. आज सकाळच्या एसटीनं तो साताऱ्याला गेला होता, कॉलेजातून तिचं नाव काढून आणायला. भाग्यश्री माडीवर दार लावून पडली होती. थोरला सम्मेद बापाच्याही वरचढ तापला होता. बहिणीचा फोन त्यानंच पहिल्या दिवशी फरशीवर आपटून फोडला. दोनदा पोलीस भरतीत मागं पडल्यापासून तो घरात कुणाशी धड बोलत नव्हता. पण बहिणीपायी एवढा पेटलाय म्हटल्यावर चंदनबालाला आतून बरंच वाटलं होतं.

दुपारी सम्मेदला स्वयंपाकघरात जेवायला बसवून ती त्याच्या खोलीत शिरली. कॉम्प्युटर चालूच होता. तिचा स्वतःचा फोन बटणांचा. बचत गटाच्या शेवयांचे फोटो टाकायला भाग्यश्रीनं तिला शिकवलं होतं ते आपल्या फोनवर, आणि तो फोन आता उकिरड्यात होता. त्या माणसाला चार शब्द सुनवायचे तर हेच एक यंत्र उरलं होतं. आईला ते चालवता येतं, हे घरात फारसं कुणाला माहीत नव्हतं. कुणी विचारलंच नव्हतं.

इन्स्टाग्रामचं ओळखीचं रंगीत चित्र हुडकून तिनं दाबलं. आत जायला पासवर्ड लागतो, म्हणून गटाचा पासवर्ड तिनं मनात घोकून ठेवला होता. पण काही न विचारताच सगळं उघडलं. पूर्वी भाग्यश्री इथं बसायची, तिचंच उघडं राहिलं असेल, असं धरून तिनं एकेक अक्षर शोधत ‘साताऱ्याची मैना’ लिहिलं.

फोनवर तळहाताएवढी दिसणारी पोरगी इथं पडदाभर झाली. पूजेच्या साडीत हसत होती. खालची घाणही तेवढीच मोठी झाली होती. कमेंटच्या जागी चंदनबालानं एका बोटानं लिहिलं, “तू कोण हाईस मला ठाऊक न्हाई. पण तुझ्या आईला एकदा बघायचंय. असलं पोरगं जन्माला घालून तिच्या घशाखाली घास कसा उतरतो, एवढंच इचारायचंय.”

चष्मा पुसून तिनं ते दोनदा वाचलं आणि पाठवलं.

कमेंट दिसली. बचत गटाच्या खात्यातून लिहिलं की वर गटाचं नाव यायचं. इथं वर नाव आलं होतं, साताऱ्याची मैना.

काहीतरी चुकलं म्हणून तिनं पुन्हा लिहिलं, “बोल की.” पुन्हा तेच नाव. लेकीनं शिकवताना बजावलं होतं, आई, ज्याचं खातं उघडं असतं त्याचंच नाव वर येतंय, बघून लिहीत जा.

तिनं निरोपांच्या खुणेवर दाबलं. भराभरा नावं आली. एका पोराला आज सकाळी अकरा वाजता उत्तर गेलं होतं, हॉस्टेलचा पत्ता घालून. अकरा वाजता माडीवरचं दार बंद होतं. ह्या खोलीचंही होतं. अभ्यास करायचाय, कुणी येऊ नका, असं सांगून आतून लावलेलं.

स्वयंपाकघरातनं हाक आली, आई, आमटी वाढ की. कमरेच्या पिशवीतला फोन काढून तिनं रायगोंडाला लावला. तो कॉलेजच्या ऑफिसात उभा होता. तिला बोलू न देता म्हणाला, अर्ज लिहून झालाय, सही तेवढी राहिलीय, आणि ते कुत्रं सापडू दे एकदा, सोलून काढतो त्याला.

“आवं, सही करू नगासा,” चंदनबाला म्हणाली, माडीवर ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं. “त्यो अर्ज फाडा आन् घरला या. ज्याला सोलायचाय त्यो आत बसून माझ्या हातची भाकरी खातोय.”