डाग पडू नयेत म्हणून

गॅसमागच्या भिंतीवर तेलाचे डाग पडतात, ही तिची आठ वर्षांची तक्रार. "तिथे काच बसवून घेऊ, कारागीर बोलवा," असं ती म्हणाली, तर नवरोबांना तो अपमान वाटला. "चार व्हिडिओ पाहिलेत मी. एक काच चिकटवायला कारागीर कशाला?"

त्यात तीन रविवार गेले. सिलिकॉन भिंतीपेक्षा कोपरालाच जास्त लागलं. शेवटी दोन्ही हातांनी काच दाबून ते दोन तास उभे राहिले आणि नाक खाजवायलासुद्धा तिलाच हाका मारत राहिले. पण काच बसली एकदाची! शेजारपाजारचे येऊन तीत आपापले चेहरे बघून गेले.

दुसऱ्या दिवशी तिने कढई चढवली, तसे ते फडकं घेऊन धावत आले.

"अगं, काय करतेस! तेल उडेल ना काचेवर!"

"अहो, त्यासाठीच तर बसवलीय ना?"

"तुला काय जातंय बोलायला? खांदे माझे भरून आलेत."

संध्याकाळपर्यंत शेगडी गॅलरीत गेली. तेव्हापासून स्वयंपाकघरात काच लखलखते आणि ती बाहेर, पदराने वारा अडवत, कांदा परतते.

महिनाभराने मागे खुडबुड ऐकून तिने वळून पाहिलं. नवरोबा टेप लावून गॅलरीच्या भिंतीचं माप घेत होते.



"काय तेलकट करून ठेवलीस गं ही भिंत! इथेही एक काच बसवायलाच हवी."