पोलादाचे कण

अक्षताने पोलादाच्या तुकड्यावर अल्ट्रासोनिक यंत्र टेकवलं. लहरी आत गेल्या, धातूच्या कणांवर आपटून विखुरल्या आणि त्यावरून हिशेब करून संगणक बोलला, “कणांचा आकार बेचाळीस मायक्रॉन.”

“यंत्र काय, काहीही बोलेल,” धायरीच्या त्या कारखान्यातले तपासणीप्रमुख वाघमारे सर म्हणाले. त्यांनी तोच तुकडा कापला, घासून चकचकीत केला, आम्लात बुडवला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

“सर, सांगा ना!” अक्षताचा जीव कानात गोळा झाला होता.

“एक्केचाळीस! अगं, न कापता जमलं की तुला! सोमवारपासून ये कामावर.”

ती आनंदाने ओरडलीच. दृष्टी गेल्यावर सुटलेली प्रयोगशाळा तिला परत मिळाली होती.