मुद्दाम

राजनंदिनीने महिन्यात तिसरी वही हरवली, तेव्हा तिच्या वडिलांनी, विश्वजीतने, कमरेचा पट्टा काढला. बक्कल कपाळावर बसलं. आजोबा हिंदुराव मध्ये पडले, म्हणून तीन टाक्यांवर भागलं.

आठवड्याने बिबवेवाडीतल्या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी विश्वजीत आणि हिंदुरावांना समोर बसवलं.

"ती मुद्दाम करत नाही. तिला एडीएचडी आहे, लक्ष टिकतच नाही तिचं. मारून ते येणार नाही; शेजारी बसून थोडं थोडं करून घ्या, जमेल तिला. हे बऱ्याचदा घराण्यात असतं. लहानपणी आणखी कोणी असं होतं का?"

हिंदुरावांनी आपल्या लेकाकडे बोट केलं.



"ह्योच व्हता," ते म्हणाले. "चौथीत असताना म्या ह्याचा हात मोडला."