गटातली कच्ची

"पुन्हा चुकलीस!" स्नेहलनं खडू फरशीवर आपटला. "बरोबरच्या चिन्हापलीकडं नेलं की अधिकचं वजा हुतं. किती येळा सांगू? डोकं हाय का खोकं?"

जयाचे डोळे भरून आले होते, पण पुसायचीही तिला चोरी वाटली.

तिसगावजवळच्या त्या शाळेत आठवीचे गट पाडले होते आणि सरांचा नियम भलताच होता. चाचणीला फळ्यापाशी बोलावणार ते गटातल्या सगळ्यात कच्च्या पोराला. त्याला जमलं तर गट जिंकला, आणि जिंकलेला गट नगरला गणित मेळाव्याला जाणार. स्नेहल वर्गात पहिली. तिच्या गळ्यात नेमकी जया पडली. गेल्या वर्षी जया आईबापाबरोबर ऊसतोडीला गेली आणि अर्धं वर्ष बुडालं. यंदा बाप मळ्यात कामाला राहिला, म्हणून ती गावातच होती.

"नगरला जायची लई हौस हाय तिला," जया बजरंगला हळूच म्हणाली. "माझ्यामुळं हुकलं तर जित्ती खाईल मला."

बजरंग गटातला तिसरा, थंड डोक्याचा. त्यानं फरशीवर तराजू काढला. "हे बघ. या पारड्यातलं पाच काढलं तर त्या पारड्यातलंबी काढायचं. न्हाईतर तराजू कलंडतो. बास, एवढंच हाय."

जयाला चटकन उमगलं. गणित सुटलं.

"आता ते मला शिकीव," स्नेहल जयाला म्हणाली.

"आगं, उत्तर आलं की!" बजरंग वैतागला. "सोड आता तिला."

"तू गप रे. जया, मला कायबी येत न्हाई आसं समज. शिकीव."

आता काय म्हणावं या पोरीला! रोज मधल्या सुट्टीत हीच तऱ्हा. स्नेहल मठ्ठासारखे प्रश्न विचारायची, मुद्दाम चुकायची, आणि जया अडखळली की अंगावर यायची. हुशारीचा माज चढलाय, असं अख्खा वर्ग म्हणायचा. जयाचा जीव तर मेटाकुटीला आला होता.

"सरांना सांगून दुसऱ्या गटात जाते मी," ती एकदा रडतच म्हणाली.

"जायचं न्हाई. तूच पायजे." स्नेहलनं पुढचं गणित घातलं.

दसरा झाला आणि चाचणी आली. सरांनी जयाला उठवलं. ती फळ्यापाशी गेली. तिनं गणित सोडवलं, पण सर कुठले सोडायला!

"असं का केलं? वर्गाला समजावून सांग."

बाकावर स्नेहलनं मुठी आवळल्या. जयानं फळ्यावर तराजू काढला, वर्गाकडं वळली आणि बोलायला लागली. पार मागच्या बाकावरच्या टारगटांनीही माना डोलावल्या.

"शाब्बास! नगरचा मान तुमचा," सर म्हणाले. जयाला आनंदानं रडूच फुटलं.

"बजरंग, जया, स्नेहल," सर नावं लिहायला लागले.

"माझं नाव नका लिहू, सर," स्नेहल उठून म्हणाली.

जया भडकली. "का गं? एवढं रडवलंस मला, ते कशापायी मग?"

"उन्हाळ्यापासनं आईची कंबर गेलीय. यंदा ऊसतोडीला बापाच्या जोडीला कोयता मीच धरनार. उद्याच टोळीची गाडी निघती." स्नेहलनं जयाचा हात घट्ट धरला. "होळीनंतर मी यील तवा कच्ची मी आसंल, जये. मला शिकवायला कुनीतरी तयार नको व्हय?"