फिकट फोल्डर

कॉम्प्युटरच्या पडद्याच्या कोपऱ्यातला चित्रातला कुत्रा शेपूट हलवत फाइली शोधत होता. शोधून झालं. काही सापडलं नाही, असं लिहून आलं.

“हा कुत्रा सरकारी दिसते,” गुणाकरराव म्हणाले. “नुसती शेपूट हलवते.”

नवऱ्याच्या या बोलण्यावर दुर्गाबाई हसल्या नाहीत. मोहित गेल्यापासून त्या हसल्याच नव्हत्या. गोंदियाहून येताना राजेगावजवळ ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं, आणि लेकाचा भिंतीवर फोटो झाला. फोटोला डोळे होते, हसू होतं. आवाज नव्हता. त्यांना आवाज हवा होता. एकदा ‘आई’ म्हटलेलं ऐकू आलं असतं, तरी पुरे होतं. पोरगा दिवसभर ज्याच्यापुढे बसायचा, त्या कॉम्प्युटरात तो कुठं तरी बोललेला असेलच, एवढंच त्यांनी धरून ठेवलं होतं.

“अन् लपवून ठेवलं असन तर?”

“हौ, लपवलेलंही दिसते.” निवृत्तीआधी ऑफिसात शेवटची दोन वर्षं गुणाकररावांनी कॉम्प्युटरवरच काम केलं होतं. त्यांनी लपवलेल्या फाइली दाखवायच्या पर्यायावर खूण केली.

रिकाम्या जागी एक फोल्डर उमटलं. बाकीची पिवळीधमक, हे फिकट, धुऊन धुऊन विटलेल्या लुगड्यासारखं. नाव दिलं होतं, ‘आई’. आत आवाजाच्या फाइलीच फाइली.

दुर्गाबाईंनी पदर तोंडाशी धरला. “लावा.”

आधी सुपानं पाखडल्याचा आवाज आला. मग गाणं.

धान आलं गं खळ्याशी, सूप भरलं काठोकाठ,
बाळ येईल जेवाया, ताट मांडून पाहू वाट.

आवाज दुर्गाबाईंचाच होता.

दुसरी लावली. पुन्हा त्याच. कुकरची शिटी, भांडी, त्यांचं रागावणं, त्यांचं पुटपुटणं. शेवटच्या फाइलीत गाणं मधेच थांबलं आणि त्या विचारत होत्या, “ही वायर गॅसपाशी काहून आणली रे? काय करून राह्यला?”

तिथंच फाइल संपली. उत्तर द्यायच्या आधी त्यानं वायरीच्या टोकाचा माइक बंद केला होता.

“माझाच आवाज काहून भरून ठेवला त्यानं? मी तर घरातच होती.”

गुणाकररावांनी फाइली तारखेनं लावल्या होत्या. पहिली होती, दुर्गाबाईंना नागपूरच्या दवाखान्यातून घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवसाची. ते घाईनं पडद्यावरची खिडकी बंद करायला गेले. दुर्गाबाईंनी त्यांच्या हातावर हात ठेवला.

“कमजोरी आहे म्हणून सांगतलं होतं तुम्ही दोघांनं. डॉक्टर काय म्हणाले होते?”

“जाऊ दे ना, दुर्गा.”

“सांगा.”

“काळीज थकलं, म्हणे.” गुणाकरराव म्हणाले. “फार तर यंदाच्या कापणीपर्यंत.”

घरामागं धान पिवळं पडू लागलं होतं. दुर्गाबाईंनी त्या फिकट फोल्डरकडे पाहिलं. मग त्यांनी पदरानं डोळे कोरडे केले, आणि एवढ्या दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या ओठांवर हसू आलं.

“मंग वायरीचं मी त्यालेच विचारीन,” त्या म्हणाल्या.